मेलेल्या माशाची 'लक्षणीय' सक्रियता

शाईचा डाग: एक लेख मराठीत आणतोय. मेलेल्या सॅल्मन माशाला एमआरआय यंत्रात ठेवून माणसांचे फोटो दाखवले, तोच तो प्रयोग (2012 चं इग नोबेल). माशाच्या मेंदूत 'सिग्निफिकंट' सक्रियता दिसली, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत, निव्वळ योगायोगाने सहसा दिसणार नाही अशी. त्या 'सिग्निफिकंट'साठी मी 'लक्षणीय' योजला. मसुदा वाचून बायको म्हणाली, "मेलेल्याच्या मेंदूत लक्षणीय सक्रियता? नीट वाच, तुझंच काहीतरी चुकलंय." दुसरा शब्द आहे का?

भिंग: 'सार्थ'. आमचे सर 'सार्थकता चाचणी' म्हणायचे.

उंटावरचा: सार्थ म्हणजे अर्थासहित, सार्थ ज्ञानेश्वरीतला. इथे अर्थ नाही हाच तर विनोद आहे! मेंदूच्या चित्रातले हजारो ठिपके एकेक करून तपासले आणि त्याची दुरुस्ती आकडेमोडीत केली नाही, तर काही ठिपके योगायोगाने उजळणारच. प्रयोगवाल्यांना तेच दाखवायचं होतं.

जुनी वही: 'लक्षणीय'च ठेवा. लक्ष् धातू, 'ध्यानात घ्यावं असं'. 'सिग्निफिकंट'च्या पोटातही खूणच आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी 1925 मध्ये 0.05 ची रेघ (नुसत्या योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता विसात एक) सोयीची म्हणून सुचवली, ती 'इथे बघायला हवं' एवढ्यासाठी. 'लक्षणीय'चा अर्थ 'भरपूर' आपण केला, त्यात शब्दाचा काय दोष?

भिंग: वाचक धातू बघून वाचत नाही हो.

उंटावरचा: 2015 साली मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ निकालांपैकी 97 टक्के लक्षणीय, दुसऱ्या फेरीत 36. लक्षण काही ठीक नाही.

जुनी वही: पुन्हा करून पाहण्याला 'पुनःप्रत्यय' म्हणावं. साहित्यात पुनःप्रत्ययाचा आनंद असतो, इथे धास्ती!

तिसरी घंटा: मुळात 'संशोधन'च बघा. शुध् धातू, म्हणजे शुद्ध करणं. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपली घटनादुरुस्ती ती त्यांचं संविधान संशोधन. चुकीपायी शोधनिबंध मागे घेतला की मला हिंदी अर्थच बरोबर वाटतो.

भिंग: मग हिंदीवाल्यांचं 'शोध' घ्यायचं?

तिसरी घंटा: आपल्याकडे शोध 'लागतो', निबंध लिहून लागत नाही. नको.

शाईचा डाग: मंडळी, मासा.

उंटावरचा: पुनर्प्रत्यय की पुनःप्रत्यय?

जुनी वही: पुढे 'प' आहे, विसर्ग राहतो. पुनर्जन्मात 'ज' आहे म्हणून रफार.

शाईचा डाग: माशाचा पुनर्जन्म झाला तर कळवतो.