तुमची बस कधी बंद झाली? आणि तुम्हाला कधी कळलं?

खिडकीपाशी
काल रस्ता खोदायचं काम चाललंय तिथून येत होते, तर थांब्याचा लोखंडी खांब उपटून आडवा टाकलेला. वरचा पत्रा गंजलाय पण आमच्या बसचा नंबर अजून वाचता येतो. ती बस बंद होऊन १८ वर्षं झाली. म्हणजे एवढी वर्षं तो खांब तिथे नुसताच उभा होता आणि मी रोज त्याच्यासमोरून जाते, कधी वर मान करून बघितलं नाही.

सकाळी सहा चाळीसची गाडी. मी कॉलेजला होते. त्या सोमवारी आम्ही सात-आठ जण नेहमीसारखे उभे, सात वाजले, सव्वासात झाले, कुणी म्हणतंय टायर फुटला असेल, कुणी म्हणतंय ड्रायव्हर नवीन असेल, पण गाडीच बंद झाली असेल असं एकाच्याही मनात आलं नाही हो. बाबा त्याच गाडीने जायचे. ते पंचावन्न मिनिटं थांबले, मग म्हणाले मी निघतो चालत, आणि निघाले. नंतर कळलं की सूचना लावलेली होती. कुठे? तर बसमध्ये! ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर टाइप केलेला एवढुसा कागद. आम्ही कायम मागच्या दाराने चढून मागेच लटकलेले, कोण जातंय पुढे वाचायला.

बाबा पुढची चार वर्षं, रिटायर होईपर्यंत, आतल्या रस्त्याने चालत जाऊन मोठ्या रस्त्यावरची बस धरायचे. घरी कधी चकार शब्द काढला नाही. चपला लवकर झिजतात म्हणून आई मात्र कुरकुरायची.

तुमचं सांगा. लहान मोठं काहीही चालेल.

उभा_प्रवासी
नाव 'बस' आणि जन्मभर उभं. मला काही फरक पडला नाही, आधी बसमध्ये उभा होतो आता थांब्यावर उभा आहे

मशीन_चालू_आहे
@उभा_प्रवासी 😂😂
आमच्याकडे बंद झाली नाही, "मार्गात अंशतः बदल" झाला. अंशतः म्हणजे आमचा अंश काढला. आधी दवाखान्याच्या दारात उतरवायची, आता उड्डाणपुलावरून जाते. माझ्या वॉर्डच्या खिडकीतून दिसते ती, रोज, अगदी नंबरसकट. नाइट संपवून आम्ही तिघी जिन्याने खाली येतो तेव्हा ती वरून जात असते. उतरायची सोय पुलाच्या पलीकडच्या टोकाला, तिथून चालत वीस मिनिटं, पहाटे, आणि तो पट्टा सगळा अंधाराचा. एक वर्ष तिघींनी मिळून खाजगी गाडी ठरवली होती, मग एकीची बदली झाली, दोघींना परवडेना. बाकी नंतर लिहिते, मशीन थांबलं

निळी_वही
शेवटची गाडी सहा वीसची होती ती पाच दहाला आणली. बस. एवढंच झालं.
प्रॅक्टिकल साडेपाचला संपायचं. पहिले दोन महिने सर लवकर सोडायचे, लॅबमधले काका माझं टेबल आधी मांडून ठेवायचे, मग ते पण किती दिवस करणार. परीक्षेच्या वेळी मामाकडे राहिले. दुसऱ्या वर्षी सायन्स सोडलं. घरात कुणी जबरदस्ती केली नाही, मीच म्हणाले की मला भाषा आवडतात. आवडतातच, खोटं नाही ते. पण विचारलं कुणी की सायन्स का सोडलं तर अजून पटकन उत्तर येत नाही, सत्तर मिनिटं असं कसं सांगणार

मशीन_चालू_आहे
@निळी_वही 🫂 काय बोलू

डबलबेल
मी निवृत्त वाहक. मुलीच्या फोनवरून लिहितोय, वेळ लागतो.

फेरी कशी बंद होते ते सांगतो. मशीनमधून प्रत्येक फेरीचं कलेक्शन निघतं. पासवाल्याला तिकीट फाडायचं नसतं, त्याची नोंद करायला बटण होतं पण गर्दीत दोन्ही हात गुंतलेले, कोण दाबतंय. दारात पोरं लोंबकळतायत आणि कागदावर तिकिटं सहा. सर्व्हेला माणूस पाठवला तोही मेच्या सुट्टीत. मग वरून विचारणा, गाडी रिकामी का पळते.

दुसरं म्हणजे रात्रीची शेवटची गाडी. तिच्यात खरंच पाच-सात माणसं असायची, मी कशाला खोटं सांगू. ती काढली. पुढच्या महिन्यात सकाळच्या गाडीची माणसं घटली. साहेबांना कळेना का. अहो, संध्याकाळी उशीर झाला तर परत कसं यायचं ही धास्ती! शेवटची गाडी रोज कुणाला लागत नाही, पण ती आहे हे माहीत असलं की माणूस सकाळी निर्धास्त घर सोडतो. तिकिटं कमी म्हणून मग सकाळचीही काढली. कागदावर दोन्ही वेळा साहेब बरोबर होते.

मी वेबिलाच्या, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदाच्या, मागे पेन्सिलीने पासवाले मांडून ठेवायचो. पाच-पाचच्या रेघा. कुणी पान उलटून बघितलं नाही.

खिडकीपाशी
काका तुमच्यासारखे कंडक्टर असते तर… लिहा अजून, सावकाश लिहा

सरळरेषा
जरा वेगळं बोलतो, रागावू नका. आमच्या मार्गावर बदल झाला आणि माझं भलं झालं. गाडी आधी एका वसाहतीत आत वळून फेरा मारून बाहेर यायची, बारा मिनिटं जायची आणि चढायचे किती तर चार जण. चाळीस माणसांनी रोज चौघांसाठी बारा मिनिटं द्यायची का? आता सरळ जाते, दर दहा मिनिटांना आहे, मी दुचाकी विकून टाकली. प्रत्येक बदल म्हणजे अन्याय असं नसतं.

ताईसाहेब_२
@सरळरेषा त्या चौघांत माझी आई असेल तर? (असेल असं नाही, होतीच, म्हणजे आमच्या गावच्या अशाच एका फेऱ्यात.) गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत नाही. ती आता बाहेरच पडत नाही. तुमचे हिशेब बरोबर आहेत हो पण बारा मिनिटं वाचलेली चाळीस माणसं दिसतात, घरात बसलेली चार दिसत नाहीत

सरळरेषा
@ताईसाहेब_२ हे मान्य. मार्ग सरळ करा पण आतल्यांसाठी छोटी गाडी द्या, एवढंच म्हणणं आहे. आमच्याकडे देणार म्हणाले होते. नाही दिली.

ताईसाहेब_२
कुठेच नाही देत. "फीडर सेवा लवकरच" 🙂

गुडघेदुखी_क्लब
ऑपरेशन एकाच गुडघ्याचं केलं का दोन्ही? माझ्या सासूबाईंना दोन्ही एकदम करा म्हणतायत, भीती वाटते

ताईसाहेब_२
एकच केलं. नंतर सविस्तर सांगते तुम्हाला, इथे नको

फुकटज्ञान
ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं अशी शहरातली पहिली सेवा १६६२ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि कल्पना कुणाची तर गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांची. घोडागाड्या होत्या. गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटलीच पाहिजे हे राजाच्या परवान्यातच लिहिलेलं! पण सैनिक आणि नोकरचाकर यांना चढायला बंदी घातली, पंधराएक वर्षांत कारभार आटोपला. मग १८२६ साली नांत शहरात परत सुरुवात झाली, ती 'ओम्निबस'. लॅटिनमध्ये अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी पुढचं सगळं तोडून नुसतं शेपूट ठेवलं, बस. त्या शेपटाला स्वतःचा असा काही अर्थच नाही, नुसता प्रत्यय आहे. म्हणजे कपातीची सुरुवात नावापासूनच झाली.

उभा_प्रवासी
'सर्वांसाठी' एवढंच नेमकं कापलं, वा

फुकटज्ञान
आणि डबलबेल काका म्हणतात ते अर्थशास्त्रात आहे जवळपास. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, त्याने सगळ्यांचंच ताटकळणं कमी होतं, म्हणून अजून प्रवासी येतात. उलट्या दिशेला ढकललं की घसरगुंडी. पंधरा मिनिटांची गाडी तीस मिनिटांवर नेली की तुम्ही केव्हाही थांब्यावर या, सरासरी साडेसात मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं उभे. तेसुद्धा गाड्या वेळेवर असतील तर.

डबलबेल
साहेब आम्हाला हे १९७२ चं माहीत नव्हतं, पेन्सिलच होती.

परदेशी_पाहुणा
लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे देशभर, फक्त ट्रेनच्या पहिल्या वर्गाला तिकीट लागतं

उभा_प्रवासी
फुकटचं काय घेऊन बसलात, यायला पाहिजे ना आधी

कानाने_बघतो
मी फोनला बोलून लिहितोय, चुका होतील, समजून घ्या. मला दिसत नाही. कामावर जायचा मार्ग माझ्या अंगात बसलेला होता. निघाल्यावर डावं वळण, गतिरोधक दोन, मग लांब चढ, गिअर बदलल्याचा आवाज, उजवं वळण मोठं, तिसऱ्या तांब्यावर उतरायचं. तांबा नाही थांबा. एक दिवस चढ आलाच नाही. मी समजलो पुढे येईल. मग दोन उजवी वळणं लागोपाठ. विचारलं तर शेजारचे म्हणाले अहो मार्ग बदलला ना परवापासून. कुणी ओरडून सांगितलं असतं तर काय गेलं असतं. उतरलो ती जागा पूर्ण अनोळखी, रहदारी दोन्हीकडून. एका शाळकरी मुलाने हात धरून पलीकडे नेलं, बोलत बोलत अर्धा रस्ता सोबत आला, त्याची शाळा बुडाली असणार. नवा मार्ग पाठ करायला मला तीन आठवडे लागले आणि पाठ झाल्यावर परत बदलला. आता सहा महिने झाले जुनाच आहे. चढ आला की बरं वाटतं.

खिडकीपाशी
@कानाने_बघतो हे वाचून कामच सुचेना. आम्ही कागद वाचला नाही म्हणून रडतोय.

मशीन_चालू_आहे
थांब्याचं नाव पुकारायची पद्धत होती पूर्वी, ती का गेली कोण जाणे. काका सांगा ना

डबलबेल
माणसं कमी केली. काही गाड्यांवर वाहकच नाही. पुकारणार कोण.

दोन_मिनिटांत
ॲपवाले कोणी आहेत का इथे. आमची बंद झालेली गाडी ॲपमध्ये अजून पळतेय. "२ मिनिटांत येत आहे." दीड महिना झाला, दोनच मिनिटं राहिलीत

उभा_प्रवासी
तिला म्हणावं सावकाश ये

आजीची_नात
आमचं घर थांब्याला लागून. घरात घड्याळ होतं पण आजी बसवर चालायची. साडेनऊची गेली, उठा. अकराची आली, पाणी भरा. रक्तदाबाची गोळी दुपारच्या गाडीला. ती गाडी काढली तेव्हा आम्हाला कुणाला कळलंच नाही कारण आम्ही त्या वेळी घरात नसायचो. आठवड्याने आजीला चक्कर आली, डॉक्टर म्हणाले गोळी घेतली नाही का. तर म्हणाली, गाडीच आली नाही अजून.
आता हसतो आम्ही यावर. तेव्हा फार घाबरलो होतो.

निळी_वही
❤️ आजी

रजिस्टर
आम्ही भांडलो, अर्धं जिंकलो, ते सांगतो. आमची संध्याकाळची फेरी काढली होती. अर्ज-निवेदनं सगळं झालं, उत्तर एकच, प्रतिसाद अल्प. मग थांब्यावरच्या एका बाई म्हणाल्या प्रतिसाद आपणच मोजू. दोनशे पानी वही आणली. पंधरा दिवस आळीपाळीने थांब्यावर उभं राहून लिहिलं, किती वाजता कोण आलं, कुठे जायचं होतं, गाडी नव्हती म्हणून शेवटी कसं गेलं, सही. पासवाल्यांचा वेगळा रकाना (काका, तुमच्या रेघांसारख्याच रेघा). एक जण रोज लिहायचा "बायको न्यायला आली, भांडण झालं". ती वही नेऊन ठेवली टेबलावर. साहेबांनी खरंच पानं उलटली, आणि त्या नवऱ्याच्या भांडणाशी येऊन हसले. फेरी परत आली. पण वीस मिनिटं आधी! कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत निघून जायची. वीस मिनिटं पुढे ढकलायला अजून पाच महिने. सुट्टीच्या दिवशीची आलीच नाही.

सरळरेषा
वहीची कल्पना ढापणार आहे. आतल्या वसाहतीसाठी. @ताईसाहेब_२ तुमच्या गावचंही करू, काय काय लिहून घ्यायचं ते ठरवूया

ताईसाहेब_२
चालेल. पण थांब्यावर न येणाऱ्यांचं काय करायचं, घरी जाऊन सह्या घ्याव्या लागतील

रजिस्टर
घ्या ना. आम्हाला ते सुचलंच नव्हतं.

पंचिंग
विषय सोडून विचारतो, छिद्रं पाडायची जुनी कागदी तिकिटं कुणाकडे आहेत का? मी गोळा करतो. तो चिमट्याचा टिकटिक आवाज… रिकामा असला तरी कंडक्टर दांडीवर वाजवत यायचा

गुडघेदुखी_क्लब
आम्ही तिकिटाच्या आकड्यांची बेरीज करायचो, २१ आली की दिवस चांगला

पंचिंग
अरे आमच्याकडे पण २१ च!! कुणी ठरवलं होतं हे

डबलबेल
माझ्याकडे एक चिमटा आहे. परत करायचा राहिला. कुणाला सांगू नका.

मशीन_चालू_आहे
😂😂 काका

खिडकीपाशी
आत्ता भाजी आणायला गेले होते (कुकर लावून गेले, आल्यावर बघते तर शिट्ट्या मोजायच्या राहिल्या). खांब परत गाडलाय! खड्डा बुजवताना कामगारांनी होता तसा ठेवून दिला, बसच नाही हे त्यांना कोण सांगणार. फक्त तोंड उलटं झालंय, नंबर भिंतीकडे. फोटो काढायला मागे शिरले तर तिथे एक आजोबा सावलीला टेकलेले. मला म्हणाले, गाडी किती वाजता आहे?

उभा_प्रवासी
मग काय सांगितलं?

खिडकीपाशी
मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून आले त्यांना. आतल्या रस्त्याने. बरंच लांब आहे हो ते.