मागची धाव कोणत्या ट्रॅकवर होती?

घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारे बरेचदा म्हणतात, 'मागच्या धावेत दुसरा आलेला घोडा आज नक्की जिंकतो'. ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला बऱ्यापैकी चालतं, पण पुण्याच्या रेसकोर्सला नाही. पुण्याचा मोसम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसातला. तिथे रेसच्या दिवशी सकाळी जाहीर होणारं पेनेट्रोमीटर रीडिंग, म्हणजे ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा, मी आधी बघतो. आकडा मोठा म्हणजे ट्रॅक मऊ. मऊ मातीत सुरुवातीला भन्नाट पळणारे घोडे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये गळपटतात. म्हणून मागची धाव कोरड्या ट्रॅकवरची असेल तर ती मी बाजूला ठेवतो आणि त्याच घोड्याची जुनी ओल्या ट्रॅकवरची धाव शोधतो. रेसबुकात, म्हणजे घोड्यांच्या जुन्या धावांची माहिती देणाऱ्या पुस्तिकेत, ती मिळते, फक्त पानं मागे चाळावी लागतात.

दुसरं म्हणजे वजन. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन बरोबरी साधतात त्या रेसमध्ये, जिंकलेल्या घोड्यावर पुढच्या वेळी सहसा जास्त वजन येतं आणि चिखलात ते फार जाणवतं. दोन वर्षांपूर्वी भर पावसात मी टॉप वेटचा, म्हणजे पाठीवर सर्वात जास्त वजन असलेला, फेव्हरिट (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात तो घोडा) सोडून सर्वात कमी वजन असलेल्या एका घोडीवर पैसे लावले होते. ती आरामात पहिली आली! रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्ये ती शांत चालत होती, फेव्हरिटच्या मानेवर मात्र घामाचा फेस होता. पॅडॉकची फेरी चुकवू नका.