टर्बो गाडीत पेट्रोलच्या पंपाला व्होल्ट किती मिळतात ते आधी बघा

टर्बो गाडीची ताकद वाढवताना 'इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) मोठे टाकले की झालं, पंप कंपनीचाच चालतो' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब राखणारा) बूस्टशी, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाशी, जोडलेला असेल तर बेस (मूळचा दाब) ३ बार अधिक बूस्ट १ बार, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ४ बार लागतात. आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो! त्यात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७, ह्याचं साधारण १३.५. म्हणजे इंधन आणखी जास्त.

माझ्याकडे पंप बदलूनही वरच्या आरपीएमला मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जायचं. शेवटी पंपाच्या प्लगवरच मीटर लावला, तर फुल लोडला जेमतेम साडेअकरा व्होल्ट, म्हणून पंप पेट्रोल कमी ढकलत होता. मूळची बारीक वायर, दुसरं काय! बॅटरीपासून जाड वायर, वेगळा रिले, फ्यूज. प्रश्न मिटला.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात टाकी पाव असेल तर जोर काढूच नका. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि रिटर्न लाइनमधून तापलेलं पेट्रोल त्याच टाकीत परत येत असतं.

नुसत्या वाइडबँडवर (मिक्स्चर मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर) विसंबू नका. रेलवर प्रेशर सेन्सर लावून बूस्टसोबत लॉग (नोंद) करा. गेज केबिनमध्ये हवा असेल तर इलेक्ट्रिक सेंडरवालाच (दाब वायरने कळवणारा) घ्या, पेट्रोलची नळी आत आणू नका राजेहो.