पहिली तार दोनदा तुटली, गिटार ट्यून कशी करायची?

परभणीचा_नवखा
राम राम मंडळी. मी परभणीचा, दिवाळीच्या बोनसमधून गिटार घेतली, साधी स्टीलच्या तारांची. युट्यूब बघून शिकायलोय पण गाडी ट्यूनिंगलाच अडकली. मोबाईलवर ट्यूनर ॲप घेतलंय, जाड तारा कशाबशा लागल्या पण सगळ्यात बारीक तार दोनदा तुटली. ती ई ला लावायची असं सगळे म्हणतात, माझ्या ॲपवर आधी एफ यायलं म्हणून मी खुंटी अजून पिळली, मग जी आलं, पुढं ए आलं, मला वाटलं आता ए बी सी डी करत ई येईलच की आणि तेवढ्यात ताडकन तुटली, हाताला लागली पण. दुसऱ्यांदा पण तसंच. आमच्या इथं सुट्टी तार मिळत नाही, पूर्ण सेट मागवावा लागतो. माझंच काहीतरी चुकायलंय का गिटारच खराब आहे? आणि वडील भजनात पेटी वाजवतात, ते म्हणायलेत पेटीवर लाव, पण गिटार पेटीवर लागते का?

लातूरची_सहा_तारी
दादा गिटार खराब नाही, नका घाबरू. तुमचं कुठं चुकलं ते तुम्हीच लिहिलंय बघा. ॲपवर एफ आलं म्हणजे तार ई च्या पुढं गेली होती, अर्धा सूर जास्त. तिथं खुंटी ढिली करायची होती आणि तुम्ही पिळत गेलात. तार ताणली की सूर चढतो, ई नंतर एफ, मग जी, मग ए, आणि वरच्या ई पर्यंत पोचायचं म्हणजे एक अख्खं सप्तक चढायचं, तेवढा ताण ती बारीक तार सोसतच नाही, मधेच तुटणार. पहिली तार ३२९.६ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) लागते आणि वरचा ई ६५९ वर आहे, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून नुसतं अक्षर बघू नका, ॲप हर्ट्झ दाखवत असेल तर तो आकडा बघा. जाडीकडून बारीककडं ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ आणि ३२९.६, एवढं वहीत लिहून ठेवा.

आणि तारांचे नंबर उलटे असतात हं, सगळ्यात बारीक ती पहिली, जाड ती सहावी. माझा यात पहिला महिनाभर घोळ व्हायचा, तार एक वाजवायची आणि खुंटी भलतीच पिळायची. म्हणून आधी बोटानं तार खुंटीपर्यंत चाचपत जायचं मगच हात लावायचा. खुंटी थोडी थोडी फिरवायची, दर वेळी तार वाजवून ऐकायची. सूर पुढं गेला तर सरळ खाली आणून थांबू नका, थोडा जास्तच उतरवा आणि मग खालून वर चढवत सुरावर आणा, नाहीतर खुंटीत ढील राहते आणि दोन गाण्यांत तार परत उतरते. नवीन तार तर पहिले काही दिवस उतरतच राहते, तिला हलक्या हातानं ओढून परत लावायची, असं तीनचारदा केलं की बसते.

आणखी एक, कुलर चालू असताना मोबाईलचं ॲप लावू नका, त्या घुंईईई आवाजात त्याला काहीच कळत नाही. हेडला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, चिमटा लावायचा ट्यूनर मिळाला तर बघा, तो लाकडाच्या कंपनावर चालतो, बाहेरच्या आवाजाचा त्याला फार फरक पडत नाही.

पेटीवाले_काका_नांदेड
वडील बरोबर म्हणतात, लागते की पेटीवर. आमच्या भजनी मंडळातला एक पोरगा गिटार घेऊन येतो, त्याची मीच लावून देतो. जाड तारेपासून धरा, पांढरी तीन (म्हणजे सी ला एक धरून तिसरी पांढरी पट्टी), पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. झाली गिटार. पेटीला एकच सूर वाजेल एवढाच स्टॉप उघडा ठेवा. पेटी वरच्या सप्तकात वाजली तरी चालतं पण तारेला जबरदस्ती ताण देऊ नका, हाताला कळतं.

आता यातली खरी गंमत सांगतो, ही तुमच्या वडिलांना लगेच कळेल. एका तारेला सा धरा, पुढची तार तिचा मध्यम. सा-म, सा-म, सा-म असं तीनदा येतं, मग तिसरीवरून दुसरीवर जाताना फक्त सा-ग, शुद्ध गंधार, आणि शेवटी परत सा-म. म्हणून तर पाचवा फ्रेट (गिटारीच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांचं घर) दाबून पुढची तार मिळवतात आणि तिसऱ्या तारेवर तेवढा चौथा दाबतात. पोरं हे पाठ करतात आणि विसरतात, सा-म कानात असलं की विसरायचं कामच नाही.

पेटीचा सूर धरून ठेवा आणि तार वाजवा. जवळ आली की आवाज डुलायला लागतो, वंव वंव वंव, दोन सुरांत दोन हर्ट्झचा फरक असला की सेकंदाला दोनदा डुलतो. खुंटी हळू फिरवा, डुलणं संथ होत जातं, लांबतं आणि एकदम थांबतं. तिथं थांबायचं. तंबोरा लावताना पण आम्ही हेच ऐकतो. पेटी जुनी असेल आणि ॲपशी थोडी जुळली नाही तरी घरात तिच्यासोबतच वाजवायचं ना, मग तिच्यावरच लावा.

लातूरची_सहा_तारी
काका सा-म चं मला पण माहीत नव्हतं, सहा वर्षं वाजवायलेय! दादा, एक राहिलं, पत्र्याची खोली असेल तर मे महिन्यात गिटार तिथं ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, जास्त तापलं की गोंद ढिला पडतो, माझ्या पहिल्या गिटारीचा ब्रिज, म्हणजे पोटावर तारा अडकवायची पट्टी, असाच उचलला होता.

परभणीचा_नवखा
तार काल आली. रात्री कुलर बंद करून बसलो, वडील पेटीवर एकेक पट्टी धरत गेले. पहिली तार या वेळी डी पासून चढवली, ई आला की थांबलो, तुटली नाही. सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या तारेनं खाल्ला, मला लागली असं वाटायचं आणि वडील मान हलवायचे, अजून डुलायलीय म्हणायचे. मला ते डुलणं आधी ऐकूच येत नव्हतं, मग त्यांनी गिटारीच्या पोटावर माझा तळहात ठेवायला लावला आणि हाताला कळलं. आज सकाळी बघतो तर पहिली तार परत उतरलीय, पण बाकी पाच जागेवर आहेत.