सही झाल्याशिवाय कोड नाही? आधी पॅकिंगच्या खोलीत उभं राहून या

तापीकाठचा: काल इथे एका बिझनेस अ‍ॅनालिस्टने लिहिलं की खान्देशातल्या व्यापाऱ्याला ऑनलाइन दुकान हवं असतं, पण त्यात काय हवं ते धड सांगता येत नाही, रोज नवीन काहीतरी आठवतं, म्हणून रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर, म्हणजे काय काय हवं त्याच्या लेखी यादीवर, सही होईपर्यंत कोडची एक ओळही लिहू नये. लोकांनी भरभरून अंगठे दिले. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं गिऱ्हाईक जळगावच्या एक ताई. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया. त्यांची पहिली साइट दुसऱ्या कोणी केली होती, आणि डॉक्युमेंट अगदी पुस्तकी. 'शिपिंग वजनानुसार', खाली सही, तारीख. साइट सुरू झाली आणि कुरडयांच्या प्रत्येक पार्सलमागे पदरचे पैसे जायला लागले. कारण कुरिअरवाला नुसता काटा बघत नाही, खोकंही मोजतो, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतो. ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटर, भागिले ५०००, झाले ६ किलो. आत कुरडया दीड किलो! चुरा होऊ नये म्हणून ताई चारही बाजूंनी कागदाचे बोळे कोंबतात, म्हणून खोकं मोठं. त्यांच्या पॅकिंगच्या खोलीत कोणी थोडा वेळ उभं राहिलं असतं तर हे दिसलं असतं. त्याऐवजी त्यांना 'नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट' विचारल्या, म्हणजे साइटचा वेग, सुरक्षितता वगैरे. त्या म्हणाल्या, 'बसा, चहा टाकते.'

व्यापाऱ्याला सगळं सांगता येतं. विचारणाऱ्याला विचारता येत नाही.

सही_आधी: तो अ‍ॅनालिस्ट मीच. नोकरीला पुण्यात असलो तरी अमळनेरचा आहे, त्यामुळे 'बाहेरच्यांना काय कळतं' हा सूर माझ्यापुढे नको.

तुमच्या गोष्टीतून माझंच म्हणणं सिद्ध होतं. नियम लिहिलेला होता म्हणून तो चुकीचा आहे हे बोट ठेवून दाखवता आलं. तोंडी कारभार असता तर 'मी असं म्हटलंच नव्हतं' यावरच वर्ष गेलं असतं. माझं तसं गेलंय. कापडाचं दुकान, तीन भाऊ आणि वर आबा. धाकटा म्हणे साइझप्रमाणे वेगळा भाव, मधला म्हणे सगळ्यांना एकच, थोरला रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवी, 'ते जरा त्या मोठ्या साइटसारखं करा ना भो.' केलं. मग आबा म्हणाले, हे कोणी सांगितलं? शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. निर्णय कोणाचा, हे पहिल्या पानावर लिहून सही घेतली असती तर तो अडकला नसता. त्या व्हॉइस नोटा कोर्टात वाजवू का?

सराफकट्टा: सोन्याच्या पेढीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, जळगावातच. 'रोज नवीन आठवतं' याचा राग येतो. आमचा भावच रोज बदलतो हो! गिऱ्हाइकाने दुपारी ऑर्डर टाकली, पैसे संध्याकाळी भरले, तर भाव कुठला? आठ दिवसांनी दागिना परत आला आणि सोनं उतरलंय, तर परतावा कोणत्या भावाने, घडणावळ कापायची का? हे प्रश्न डेमो पाहिल्यावरच सुचतात, कोरा फॉर्म भरताना कोणाला सुचतात?

आणि सगळे बदल लहरीपणाचे नसतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२२ पासून गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर दुकानाने साठवणं बंद, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी बदली कोड, वापरा. तुमच्या २०२१ च्या सहीचं काय करायचं, लोणचं?

सही_आधी: त्यासाठीच चेंज रिक्वेस्ट असते. काय बदललं, का बदललं, किती दिवस वाढले, किती पैसे वाढले. चार ओळी. बदलू नका असं मी म्हटलंच नाही. फुकट बदलून मागू नका, एवढंच म्हटलं.

केळीवाला_रावेर: तुम्ही सगळे भलत्याच गोष्टीवर भांडताय. सगळ्या रोगांचं मूळ कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी. आम्ही केळीचे वेफर्स विकतो. पार्सल दारात जातं, माणूस म्हणतो, 'बायको माहेरी गेलीये, नंतर या.' जाण्याचा खर्च आमचा, येण्याचा आमचा, आणि माल येतो तो भुगा होऊन. बंद करा म्हटलं, तर डेव्हलपर म्हणतो स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, नाही!

नंदुरबारी_मिरची: बंद करा म्हणणं सोपं आहे दादा. आमच्याकडे आधी पैसे कोणी देत नाही. माझ्या मामांनी एकदा एका साइटवर आगाऊ भरले, साडीऐवजी पडद्याचं कापड आलं. ते आता वस्तू हातात आल्याशिवाय खिशात हात घालत नाहीत. फसवणार तुमच्यासारखे, आणि गावठी आम्ही?

केळीवाला_रावेर: तुमच्यासारखे म्हणजे? मी कोणाला पडदा पाठवला? शब्द जपून वापरा.

नंदुरबारी_मिरची: ऑनलाइन विकणारे या अर्थाने म्हटलं. तुम्हाला एवढं लागायचं कारण काय?

केळीवाला_रावेर: लागायचं कारण म्हणजे घरी येऊन पडलेला भुगा. या, दाखवतो.

बिबड्यांची_पाटी: अरे, भांडता काय. आम्ही मधला मार्ग काढला. पन्नास रुपये आधी, बाकी दारात. ज्याला खरंच घ्यायचंय तो पन्नास भरतो. शिवाय सीओडीची ऑर्डर आली की माझी मुलगी आधी फोन करते. 'काका, पार्सल निघतंय, घरी आहात ना?' पार्सलं परत येणं बरंच कमी झालं.

केळीवाला_रावेर: फोन करायला आम्ही माणूस ठेवायचा? वेफर्सच्या पाकिटात उरतं काय?

तापीकाठचा: पाटीवाल्या ताईंनी आत्ता जे सांगितलं आणि केळीवाल्यांचा जो भुगा, त्यातून तीन रिक्वायरमेंट निघतात: आगाऊ रकमेची अट, पाठवण्याआधी 'फोन झाला' अशी ऑर्डरची वेगळी अवस्था, आणि परत आलेला माल आपोआप साठ्यात न चढणं. शर्ट परत आला की पुन्हा विकता येतो, खाण्याचं पाकीट नाही. तयार सॉफ्टवेअरमध्ये साठा परत चढवायची खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते, आणि मग नसलेल्या पापडांची ऑर्डर घेतली जाते. हे भांडणातून निघालं, टेम्पलेटमधून नाही.

सही_आधी: निघालं, छान. आता हे लिहिणार कुठे? की सहा महिन्यांनी पुन्हा पडद्यावरून भांडायचं?

धुळ्याची_पोर: टेस्टिंग करते, म्हणून दोघांना विचारते. 'साइट सोपी हवी' हे मी तपासू कसं? 'पिनकोड टाकल्यावर, पैसे भरायच्या आधी, डिलिव्हरीचा खर्च दिसला पाहिजे' हे तपासता येतं. सही असो नसो, वाक्य असं लिहा. आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव नि संपर्क साइटवर टाकायला कोणीच सांगत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची हेही आहे. हे पॅकिंगच्या खोलीत उभं राहून दिसणार नाही, तापीकाठचे दादा.

तापीकाठचा: काय सांगी राहिना भो, इथे सगळेच माझ्यावर उठले! बरं, कायद्याची यादी कागदावर हवी, मान्य. बदलांची नोंदही हवी. आमच्या मुनीमजींच्या लाल वहीत ती पहिल्यापासून असते, फक्त तिचे वेगळे पैसे लावत नाहीत.

सही_आधी: मुनीमजी पगार घेतात ना? मग लावतात.

केळीवाला_रावेर: ताई, ते पन्नास रुपये वेफर्सवर चालतील का? माझं पाकीटच साठ रुपयांचं आहे.