रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थायरॉईडची गोळी परस्पर बंद करावी का?

मुक्ता_के:
हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी धागा काढतेच. टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड मंदावलं की हे वाढतं) नॉर्मल आला की "आता बरं झालं, कशाला उगीच रोज गोळी" म्हणून लोक आपल्या मनानं बंद करतात. अहो, तो नॉर्मल आलाय गोळीमुळेच! थायरॉईड ग्रंथी जे टी४ नावाचं हार्मोन बनवते तेच गोळीतून बाहेरून मिळतं, त्यानं ग्रंथी दुरुस्त होत नाही. आणि फसायला होतं ते असं की बंद केल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, कारण रक्तातलं टी४ निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीला माणूस मस्त असतो आणि "बघा, गरजच नव्हती" म्हणत फिरतो. मग हळूहळू थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, चेहऱ्यावर सूज, कोलेस्टेरॉल वर. तोपर्यंत गोळी बंद केलीय हे डोक्यातून गेलेलं असतं आणि सगळं खापर वयावर नाहीतर कामावर फुटतं.

रानवारा:
असहमत. टीएसएच एकदा ६-७, म्हणजे थोडासाच जास्त आला, टी४ नॉर्मल, त्रास काही नाही, तरी गोळी सुरू आणि वर "आयुष्यभर घ्या". अशांपैकी बऱ्याच जणांचा टीएसएच दोन-तीन महिन्यांनी परत तपासला तर आपोआप खाली आलेला असतो. बाळंतपणानंतर बिघडलेलं थायरॉईडही पुष्कळ बायकांचं वर्षभरात जागेवर येतं. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतोच, त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना औषध कशाला? डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात, तेही सांगा की.

साधासरळ:
+१ रानवारा. पूर्वी कुठे होत्या या गोळ्या? शरीराला बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी आळशी होते, गोळी थांबवा, ती परत कामाला लागते.

ओपीडी_ताई:
साधासरळ, पूर्वी काय होतं ते सांगते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंवर उपचार केले, आणि त्या पुढे २८ वर्षं जगल्या. त्याआधी या आजारावर उपायच नव्हता, माणसं सुजून, मंदावून जायची.
ग्रंथी आळसावते हे अर्धं खरं. ती धडधाकट असेल तर गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत पूर्वीसारखं काम करते. पण हाशिमोटोमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथी पोखरत असते, मग परत कामाला लागायला उरलंय काय? आणि ऑपरेशननं पूर्ण ग्रंथी काढलीय किंवा रेडिओआयोडिन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडिन) घेतलंय त्यांना तर गोळी हाच एकमेव पुरवठा. कॅन्सरसाठी काढली असेल तर टीएसएच वाढून उरलेल्या पेशींना चालना मिळू शकते, ते वेगळंच.
मला सगळ्यात काळजी गरोदर बायकांची वाटते. "बाळाला औषध नको" म्हणून गोळी सोडतात! पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच येतं. गर्भपाताचा, वेळेआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढतो. उलट या काळात डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. आणि वयस्कर माणसांचं बरेच महिने औषध बंद असेल, त्यात न्यूमोनिया किंवा झोपेची औषधं, तर अंग गार पडतं, सोडियम उतरतं, शुद्ध हरपते. याला मिक्सिडिमा कोमा म्हणतात, क्वचित होतो पण जीव जातो.

रानवारा:
गरोदर बायका आणि ग्रंथी काढलेले, यांच्याबद्दल पूर्ण मान्य, तिथे वादच नाही. पण माझा मुद्दा तसाच राहतो. गोळी कशासाठी सुरू झाली हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, जुना रिपोर्ट हाताशी नसतो, वर्षानुवर्षं तोच डोस. मग माणूस कंटाळून स्वतःच प्रयोग करणार नाही तर काय?

मुक्ता_के:
प्रयोग करायचाच तर डॉक्टरांना सांगून करा ना. ते डोस कमी करतील किंवा थांबवतील आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघतील. चार दिवस बरं वाटलं हा पुरावा नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस ते थांबवा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि गोळी "लागू पडत नाही" म्हणून सोडणाऱ्यांनी आधी बघावं, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेताय का? मध्ये ४ तासांचं अंतर लागतं, नाहीतर ती अंगी लागत नाही.

साधासरळ:
हे लोह-कॅल्शियमचं माहीत नव्हतं. आईची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी एकदमच असतं. तिची ग्रंथी काढलेली नाहीये, गोळी का सुरू झाली ते जुनी फाईल काढून बघतो. तोवर चालू ठेवायची ना?

ओपीडी_ताई:
हो, चालूच ठेवा, उपाशीपोटी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. आणि फाईलमध्ये अँटी-टीपीओ नावाची (ग्रंथीवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीजची) तपासणी केलीय का ते बघा, पॉझिटिव्ह असेल तर कारण बहुतेक हाशिमोटोच.

रानवारा:
आणि सुरुवातीचा टीएसएच एकदाच तपासून गोळी दिली होती की दोनदा, तेही बघा. एकदाच असेल तर डॉक्टरांना विचारायचा हक्क आहे तुम्हाला.