टाकीचा गिझर काढून बिनटाकीचा बसवायचा आहे: विजेचा घ्यावा की गॅसचा?

पूर्णाकाठ
२५ लिटर, २ किलोवॅटचा गिझर आहे, टाकी खालून पाझरायला लागली. दर्यापूरकडचं खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी. घरात पाच माणसं, आंघोळी बादलीनं. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की सकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं. पाण्याची ५०० लिटरची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली आहे. दुकानदार म्हणतो ३ किलोवॅटचा इन्स्टंट (विजेचा बिनटाकीचा) घ्या, जुन्याच पॉइंटवर बसेल, बिलही कमी येईल. खरं आहे का? की गॅसचा बरा?

पाना-पेचकस
आधी बिलाचं. एक बादली पाणी तापवायला जेवढी वीज लागते तेवढी लागणारच, टाकीत तापवा की नळीत. टाकीचं नुकसान एवढंच, की तापलेलं पाणी पडून राहिलं तर निवतं. आंघोळीच्या आधी चालू करून नंतर बंद करणाऱ्या घरात त्यातली बचत नावापुरतीच.

आता व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते. २३० ला ३ किलोवॅट देणारा १७० ला जेमतेम १.६ देतो. मिनिटाला २ लिटर, म्हणजे नळाची बारीक धार धरली तर पूर्ण व्होल्टेजला पाणी २१ अंशांनी चढतं, १७० ला फक्त १२ अंशांनी. डिसेंबरात स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी १७ अंश असेल तर हातात येणार २९. त्याला कोमट म्हणणंही जिवावर येतं. टाकीच्या गिझरला हेच व्होल्टेज चालतं, फक्त वेळ लागतो: २५ लिटर ६० अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजला ३७-३८ मिनिटं, १७० ला तासाच्या वर. टाकी कमी व्होल्टेज पचवते, बिनटाकीचा पचवत नाही. तुमच्याकडे विजेचा इन्स्टंट घेऊ नका.

‘जुन्याच पॉइंटवर’ हेही तपासा. २ किलोवॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, ३ ला १३. पॉइंटपर्यंत १.५ चौरस मिमीची वायर असेल (जुन्या घरात बहुधा तीच असते) तर आधी सॉकेटची पिन काळी पडते, मग प्लास्टिक जळल्याचा वास येतो. ३ किलोवॅटला तांब्याची २.५, लांब ओढायची असेल तर ४ चौरस मिमी, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती ते पाहा. १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या.

वऱ्हाडी नळवाला
गॅसचा घ्या, पण भाऊ, टाकी स्लॅबवर टेकवून ठेवसान तं तो पेटणारच नाही. काऊन ते सांगतो. आतमंधी एक रबरी पडदा असते. पाण्याच्या जोरानं तो दबते, पिन सरकते, स्विच टिक वाजते, मंग ठिणगी आन् गॅस. जोर नाही तं टिक नाही.

६ लिटरच्या (मिनिटाला ६ लिटर देणाऱ्या) गॅस गिझरला ०.२ ते ०.२५ बार दाब लागते, म्हणजे टाकीच्या तळापासून गिझरपर्यंत दोन-अडीच मीटर उतार. स्लॅब १० फुटावर, गिझर साडेपाच फुटावर, तं तुमच्याकडे उतार साडेचार फूट, ०.१४ बारसुद्धा नाही. टाकीखाली साडेतीन-चार फुटाचा लोखंडी स्टँड घ्या. भरलेली टाकी अर्ध्या टनाची होते, म्हणून स्टँडचे पाय भिंतीवर येतील असे ठेवजा, स्लॅबच्या मधोमध नाही. टाकीपासून गिझरपर्यंत पाऊण इंची लाइन, अर्धा इंच फक्त शेवटी. बसवायच्या आधी गिझरच्या जागी नळ उघडून २० लिटरची बादली भरून पाहजा. पाच मिनिटाच्या वर वेळ लागला तं आधी लाइन सुधरवा, मंग गिझर आणा.

जुना काढताना मेन बंद, पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा, मंग खालचा थंडा जोड सोडा. गरम नळ उघडा नसला तं वरून हवा जात नाही, पाणी थेंबथेंब येत राहते आन् तुम्ही समजता टाकी रिकामी झाली. मंग उचलसान तं पाऊण टाकी अंगावर. गरम लाइनला साधा पीव्हीसी नको, वाकते. सीपीव्हीसी टाका, गिझरला टेकतो तो शेवटचा फूटभर स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप.

पूर्णाकाठ
स्टँड करता येईल. गिझर न्हाणीतच बसवला तर? वर छोटी खिडकी आहे.

पाना-पेचकस
नाही. खिडकी असली तरी नाही. ६ लिटरचा बर्नर साधारण १२ किलोवॅटचा, घरातल्या मोठ्या शेगडीच्या कितीतरी पट. बंद न्हाणीत तो काही मिनिटांत हवेतला ऑक्सिजन ओढतो आणि अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. चक्कर येते, पाय लुळे पडतात, कडी काढायचंही भान राहत नाही. थंडीत खिडकीला पोतं लावलं जातं हे वेगळं सांगायला नको.

न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, छज्जाखाली, वारा थेट लागणार नाही अशा बाजूला बसवा. आत फक्त गरम पाण्याची लाइन न्या. भिंत मातीची असेल तर त्यात अँकर धरत नाही, सिमेंटचा खांब किंवा लोखंडी फ्रेम लागेल. सिलिंडर स्वतंत्र ठेवा, शेगडीच्या नळीला टी मारून जोडू नका. नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको. जोडांना साबणाचा फेस लावून पाहा, काडी पेटवून नव्हे.

खर्च: १८ लिटरची बादली २२ अंशांनी तापवायला ४०-४५ ग्रॅम गॅस. १४.२ किलोत सव्वातीनशे बादल्यांच्या आसपास, पाच माणसांत दोन महिने. पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर) चालणाऱ्या बंबाशी मात्र या हिशोबात कोणीच टिकत नाही.

क्षारांचा वैरी
पाण्याचं कोणी बोललं नाही. तुमची टाकी पाझरली त्यामागे बहुधा आतला मॅग्नेशियमचा दांडा आहे. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो आणि कोणी बदलत नाही. गॅस गिझरात दांडा नाही, पण तांब्याची नळी अरुंद आहे, तीत पांढरा थर धरतो. तेच बोअरचं पाणी जाणार असेल तर हंगामात दोनदा धुवावं लागेल. गोड्या पाण्याचा नळ असेल तर गिझरला तोच द्या.

धुवायची रीत: गॅस बंद करून त्याची नळी सोडा, ठिणगीचे सेल काढा, दोन्ही पाण्याचे जोड सोडा, गिझर खाली उतरवा. ५ लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत्व विरघळवा. त्यात कूलरचा छोटा पंप बुडवा, त्याची नळी गरम पाण्याच्या तोंडाला जोडा. दुसऱ्या तोंडाची नळी परत बादलीत सोडा. आधी फेस येतो, पाणी मळकट हिरवट होतं. अर्धा-पाऊण तास, फेस थांबेपर्यंत फिरवा, मग दहा मिनिटं साधं पाणी. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्यातलं हायड्रोक्लोरिक तांबं खातं. आवक तोंडातली बारीक जाळी मात्र दर महिन्याला काढून झटका. ‘काल चालत होता, आज टिक वाजत नाही’ असं झालं की मी आधी जाळी पाहतो, मग १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल, पडदा सर्वांत शेवटी.

आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर गिझर बंदच असतो, उन्हाळ्यात टाकीचंच पाणी चटका देतं. तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते फुटून पत्र्या खातात. नोव्हेंबरात पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरवर जुना टूथब्रश फिरवा. कोळी जाळं करतो, हवा अडते, ज्योत पिवळी होते, वर काजळी. ज्योत निळीच हवी.

पूर्णाकाठ
ग्रामपंचायतीचा गोड्या पाण्याचा नळ दोन दिवसाआड येतो. त्याची २०० लिटरची वेगळी टाकी त्याच स्टँडवर ठेवली तर?

वऱ्हाडी नळवाला
ठेवजा. पाच बादल्या रोजच्या म्हणजे ९० लिटर, दोन दिवसाले पुरते, तिसऱ्या दिवशी कमी पडते. तेव्हा किंवा नळ चुकला तं बोअरवर येता यावं म्हणून दोन्ही टाक्यांच्या लाइनीत एकेक कॉक टाका. दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवू नका, नाहीतर खारं पाणी गोड्या टाकीत चढते.